शहात्तर वर्षांचा खंड

या पुस्तकाच्या एका टोकाला 1854 सालचा कायदा आहे आणि दुसऱ्या टोकाला 1930 सालचा. पहिला दंडाचा. मलबारमध्ये मोपल्यांचा उठाव झाला, रक्तपात झाला, तर ज्या गावातून ती माणसं निघाली त्या अख्ख्या गावाकडून दंड वसूल करावा, संशयितांना हद्दपार करावं, मालमत्ता सरकारजमा करावी, अशी त्याची कलमं. त्याला जोड म्हणून त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, मोपले कमरेला लावत त्या लढाऊ सुऱ्यांवर बंदी घालणारा. दुसऱ्या टोकाचा कायदा कुळांचा. मालकाला कुळाला कधी काढता येईल, कधी येणार नाही, खंड किती असावा, मुदत संपल्यावर काय करावं, याचा. दोन्ही कायदे एकाच मुलखाबद्दल आणि, माझ्या मते, एकाच भांडणाबद्दल आहेत. मधे शहात्तर वर्षं गेली.

मराठीत कुळाने मालकाला दरसाल द्यायचा तो खंड, आणि सलग चालणाऱ्या गोष्टीत पडतो तोही खंडच. शीर्षकातली कोटी तेवढीच आहे. वाचकांनी ती खपवून घ्यावी.

मलबारबद्दलचं पुस्तक, त्याची प्रस्तावना चेन्नईत बसून आणि तीही मराठीत, हे जरा विचित्र वाटेल. पण मलबार जिल्हा 1956 पर्यंत मद्रासचा होता. कोळिकोडच्या कलेक्टरने लिहिलेलं प्रत्येक पत्र फोर्ट सेंट जॉर्जला येत होतं, त्यावर इथले सचिव शेरे मारत होते. ते सगळं दफ्तर आज एग्मोर स्टेशनजवळच्या तमिळनाडू पुराभिलेखागाराच्या लाल इमारतीत आहे. आणि मराठीचं म्हणाल, तर या राज्यातल्या जमिनीच्या कारभाराची भाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही. दर उन्हाळ्यात इथल्या तालुका कचेऱ्यांमध्ये आजही ‘जमाबंदी’ भरते. महसूल अधिकारी समोर बसतो आणि लोक पट्ट्याच्या नोंदी दुरुस्त करून घ्यायला रांगा लावतात. पट्टा, किस्त, मिरासदार हे शब्द तंजावरच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाहीत. तंजावरच्या मराठ्यांचं राज्य 1855 मध्ये संपलं. शब्द मात्र मागे राहिले, आणि काही माणसंही राहिली. त्यांतला एक माणूस या पुस्तकाच्या मधोमध उभा आहे. त्याच्याकडे येतोच.

मराठी वाचकाच्या मनात ‘मोपल्यांचं बंड’ हे शब्द बहुधा सावरकरांच्या कादंबरीतून येतात. ते बंड 1921 चं. त्यात जे घडलं ते घडलं: खून, सक्तीची धर्मांतरं, घरादारांची राखरांगोळी. या पुस्तकाला त्यातलं काही झाकायचं नाही. पण त्या एका वर्षामुळे आधीची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं नजरेआड होतात. 1836 पासून एरनाड आणि वळ्ळुवनाड या दोन तालुक्यांत अधूनमधून उठाव होत होते. सहसा दहा-वीस माणसांचा जमाव असे, कुणा जमीनमालकाचा खून होई, आणि मग ती माणसं एखाद्या देवळात किंवा वाड्यात ठाण मांडून फौजेच्या गोळ्या खाऊन मरत. परत यायचंच नाही असं ठरवूनच ती निघालेली असत. सरकारला हे वेड वाटलं. मेलेल्यांच्या हातात धर्म होता यात शंका नाही. पण मारल्या गेलेल्यांच्या हातात बहुतेक वेळा जमिनीचा कागद होता, आणि या दुसऱ्या गोष्टीची नोंद दफ्तरात व्हायला बराच काळ गेला.

तो कागद समजून घेतल्याशिवाय पुढची पानं लागणार नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

मलबारमध्ये जमिनीवरचा जन्मसिद्ध हक्क म्हणजे ‘जन्मम्’, आणि तो ज्याचा तो ‘जन्मी’. कोकणातल्या वाचकाला चटकन खोत आठवेल. साम्य आहे, पण पुरतं नाही. खोत मुळात सारावसुलीचा मक्तेदार, तो हळूहळू मालकासारखा वागू लागला. जन्मी बहुतेक नंबुद्री ब्राह्मण, देवस्थानं, नाहीतर नायर सरदार घराणी. ते स्वतः नांगराला हात लावत नसत. जन्मीच्या खाली ‘काणक्कारन्’. त्याने जन्मीला एक रक्कम आगाऊ द्यायची आणि जमीन ताब्यात घ्यायची. त्या रकमेचं व्याज खंडातून वळतं होई, उरलेला खंड जन्मीला जाई. हा ‘काणम्’ थोडासा आपल्या कबजेगहाणासारखा, थोडासा भाडेपट्ट्यासारखा. मुदत बारा वर्षांची. बारा वर्षांनी नूतनीकरण करायचं, म्हणजे पुन्हा जन्मीच्या दारी जाऊन नजराणा मोजायचा. काणक्कारनच्या खाली ‘वेरुंपाट्टक्कारन्’, म्हणजे नुसता खंड देऊन कसणारा. त्याच्याकडे ना आगाऊ रक्कम, ना मुदत. आणि त्याच्याही खाली चेरुमन, ज्यांना कालपरवापर्यंत जमिनीसकट विकलं जाई. एरनाडमध्ये हा तळाचा कसणारा बऱ्याच ठिकाणी मोपला होता. वरचा जन्मी हिंदू, खालचं कूळ मुसलमान. म्हणजे जमिनीचं भांडण आणि धर्माचं भांडण एकमेकांत गुंतायला दुसरं काही लागत नव्हतं.

हे सगळं इंग्रजांच्या आधीही होतंच. बदल झाला तो न्यायालयात. टिपूकडून 1792 मध्ये मलबार हाती आल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जन्मीला ‘मालक’ ठरवलं, इंग्रज कायद्याच्या अर्थाने मालक. मालक ठरला की त्याला काढून टाकण्याचा अधिकार आपोआप आला. पूर्वी बारा वर्षांनी काणम् नव्याने लिहून देणं ही रीत होती. आता रीत आणि हक्क वेगळे झाले. मग ‘मेलचार्त्त’ नावाचा प्रकार फोफावला. जमीन कुणाच्या तरी ताब्यात असताना जन्मीने तिसऱ्यालाच जास्त रकमेवर तिचा कागद लिहून द्यायचा, आणि त्या तिसऱ्याने दिवाणी कोर्टात जाऊन आधीच्याला बेदखल करायचं. कोर्टाची पायरी जन्मीने चढायची गरजच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या साठीपासून ऐंशीपर्यंत मलबारच्या कोर्टांतल्या बेदखलीच्या दाव्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. तलाठ्याच्या वहीत न दिसणारी ही लढाई मुन्सफाच्या वहीत दिसते.

सरकारने पहिली चौकशी 1852 मध्ये केली ती टॉमस लम्सडेन स्ट्रेंज यांच्याकडून. स्ट्रेंज न्यायाधीश होते. त्यांनी उठावांचं मूळ धर्मवेडात पाहिलं, कुळांची गाऱ्हाणी फारशी मनावर घेतली नाहीत, आणि त्यांच्या शिफारशींतून 1854 चे कायदे आले. ते राबवायचं काम कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कॉनॉली यांच्याकडे होतं. निलंबूरचं सागवान ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते हेच. 11 सप्टेंबर 1855 च्या संध्याकाळी कोळिकोडच्या वेस्ट हिलवरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, बायकोसमोर, त्यांचा खून झाला. मारणारे तुरुंगातून पळालेले मोपले होते. आसरा देणाऱ्या गावांवर त्याच नव्या कायद्याने दंड बसला. म्हणजे कायद्याने आपलं काम चोख केलं. फक्त ज्यासाठी केलं ते थांबलं नाही.

यानंतरची पंचवीस वर्षं या पुस्तकात थोड्या पानांत आटोपली आहेत, ते योग्यच आहे. त्या काळातलं दफ्तर बहुतांशी तेच तेच बोलतं.

1880 मध्ये मद्रासच्या गव्हर्नरकडे मलबारहून एक निनावी अर्ज आला. जन्मींचा जुलूम, बेदखली, खंडवाढ, कोर्टांचा उपयोग, सगळं त्यात होतं, आणि पुढे उठाव होईल असा इशाराही होता. निनावी अर्ज केराच्या टोपलीत टाकायचा हा सरकारी कारभाराचा जुना शिरस्ता. या वेळी तो पाळला गेला नाही. 1881 च्या फेब्रुवारीत विल्यम लोगन यांना जमीनधारणेच्या आणि कुळांच्या हक्कांच्या चौकशीसाठी नेमलं गेलं.

त्याच फेब्रुवारीत लंडनमध्ये काय चाललं होतं ते पाहा. आयर्लंडमध्ये 1879 पासून लँड लीगचं आंदोलन पेटलेलं होतं. खंड थकलेल्या कुळांना पोलीस घराबाहेर काढत होते, छपरं पाडत होते. मेयो परगण्यातल्या कॅप्टन बॉयकॉटच्या शेतावर कामाला कुणी जाईना, दुकानदार त्याला माल देईना, आणि त्याच्या आडनावाचा शब्द जगभर गेला. ग्लॅडस्टन सरकारने दडपशाहीचं विधेयक आणलं तेव्हा पार्नेल आणि त्याच्या आयरिश सदस्यांनी हाउस ऑफ कॉमन्सचं कामकाज सलग 41 तास अडवून धरलं. बोलत राहिले, बसले, दुसरा उठला. शेवटी 2 फेब्रुवारीच्या सकाळी सभापतींनी आपल्या अधिकारात चर्चा तोडली. दडपशाहीचा कायदा मार्चमध्ये मंजूर झाला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमिनीचा कायदाही झाला. वाजवी खंड ठरवायला न्यायालय, खंड भरणाऱ्या कुळाला कायम वहिवाट, आणि आपला हक्क विकायची मोकळीक. दंडाचा कायदा आणि कुळाचा कायदा यांत आयर्लंडमध्ये पाच महिन्यांचं अंतर पडलं.

दोन्हीकडच्या सरकारी कागदांत शब्दही एकच आहे, ‘आउटरेज’. आयर्लंडमध्ये जमिनीवरून झालेल्या खुनांना, जाळपोळीला, गुरांचे पाय तोडण्याला तो शब्द. मलबारमध्ये मोपल्यांना तो शब्द. मग पाच महिने आणि शहात्तर वर्षं हा फरक कशाचा? आयर्लंडची कुळं अधिक शहाणी होती असं नाही. आयर्लंडला कॉमन्समध्ये शंभराहून अधिक जागा होत्या, आणि मलबारला फोर्ट सेंट जॉर्जमध्ये एकही नव्हती. ज्याच्या नावाने सभागृह अडवून धरता येतं त्याचं भांडण ‘भूमिप्रश्न’ होतं. ज्याच्यासाठी कुणी अडवत नाही त्याचं ‘धर्मवेड’ राहतं. हे माझं मत आहे. पुढची कागदपत्रं वाचून वाचकांना दुसरं काही वाटलं तर त्याची मला हरकत नाही.

आपल्याकडचा दाखला याच्या अधलामधला आहे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, सुप्यापासून सुरुवात झाली. चार वर्षांत चौकशी होऊन दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तिथेही कायदेमंडळात शेतकऱ्याचा कुणी नव्हता. पण पुण्यात सार्वजनिक सभा होती, रानडे होते. आणि दख्खनच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले होते, माणसं फारशी मारली नव्हती. सरकारला कागद जाळणारा समजतो. मलबारचे लोक मरायलाच निघत, त्यामुळे त्यांना विचारायला कुणी उरत नसे.

लोगननी मात्र विचारलं. ते तालुक्यांमधून फिरले, लोकांना बोलावलं, आणि त्यांच्यापुढे दोन हजारांहून अधिक अर्ज आले. अर्जदारांत मोपले मोठ्या संख्येने होते, पण नायर आणि तीय कुळंही होती. म्हणजे गाऱ्हाणं एका धर्माचं नव्हतं. लोगनचा निष्कर्ष असा की इंग्रजांनी सुरुवातीलाच चूक केली. जन्मी कधीच पूर्ण मालक नव्हता. पिकाचा वाटा जन्मी, काणक्कारन् आणि प्रत्यक्ष कसणारा या तिघांत विभागलेला होता, आणि त्यांतल्या एकालाच सगळं देऊन टाकल्याने उरलेले दोघे रस्त्यावर आले. प्रत्यक्ष कसणाऱ्याला कायम वहिवाट द्यावी, ही त्यांची शिफारस. लोगनचा ‘मलबार मॅन्युअल’ पुष्कळांना माहीत असतो. तो सुंदर ग्रंथ आहे, पण त्यामागचा हा अहवाल अधिक धीट आहे.

आता तंजावरचा माणूस.

राजा सर टी. माधवराव मराठी वाचकाला बडोद्याचे दिवाण म्हणून माहीत असतात. मल्हारराव पदच्युत झाल्यावर 1875 मध्ये आले, बालवयातल्या सयाजीरावांच्या वतीने कारभार सांभाळला, 1882 मध्ये गेले. त्याआधी इंदूर, आणि त्याआधी 1858 ते 1872 त्रावणकोर. जन्म 1828 चा, कुंभकोणममधला, घरची भाषा मराठी, शिक्षण मद्रासमध्ये पॉवेल यांच्या हाताखाली. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण राहिले होते. म्हणजे कारभार हा या घराण्याचा वतनासारखाच होता. बडोदा सोडून ते मद्रासला मायलापूरमध्ये राहायला आले. तिथे ‘नेटिव्ह थिंकर’ अशा टोपणनावांनी वर्तमानपत्रांत पत्रं लिहीत. विषय आहाराचा असो की ग्रहणाचा, त्यांना मत असे. निवृत्त दिवाणाने जसं जगावं तसं ते जगत होते, तेव्हा 1884 मध्ये मद्रास सरकारने लोगनच्या अहवालाचं काय करावं हे ठरवायला समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून माधवरावांना बोलावलं. सदस्यांत स्वतः लोगन होते, न्यायाधीश विग्रम होते आणि तरुण वकील चेट्टूर शंकरन नायर होते. पुढे 1897 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि जालियनवाला बागेनंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून बाहेर पडले, तेच हे शंकरन नायर.

माधवरावांना नेमण्यात सरकारचा हेतू काय होता ते कागदात लिहिलेलं नाही, पण अंदाज करता येतो. एक शांत, अनुभवी, सरकारला ओळखीचा, ना जन्मी ना कूळ असा माणूस हवा होता. सरकारने एक गोष्ट विसरायला नको होती. मलबारच्या सीमेपलीकडे, त्रावणकोरमध्ये, या माणसाने हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी सोडवून दाखवला होता. 1865 च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीवरच्या कुळांना वारसाहक्काने चालणारी, विकता येणारी मालकी दिली गेली. 1867 च्या जाहीरनाम्याने जन्मींच्या जमिनीवरच्या काणक्कारनांना, ठरलेली देणी ते देत असतील तोवर, हात लावायला मनाई झाली. महाराजांच्या सहीचा कागद, कायदेमंडळ नाही, चर्चा नाही, विरोधी पक्ष नाही. त्रावणकोरमध्ये मोपल्यांसारखे उठाव झाले नाहीत याची कारणं अनेक असतील. पण तिथल्या कुळाला काढून टाकणं अवघड होतं, हे त्यांतलं एक कारण धरायला हरकत नसावी.

समितीने अहवाल दिला, कुळाला सहजासहजी हुसकता येऊ नये या दिशेने विधेयकाचा मसुदाही दिला. तो वाचताना माधवरावांचा हात ओळखता येतो. लोगनची आच त्यात नाही. माधवरावांची शैली हिशेबनिसाची आहे: जन्मीला काय मिळत होतं, काय मिळेल, फरक किती, तो भरून कसा निघेल. त्रावणकोरमध्ये राजाच्या सहीने झालेली गोष्ट मद्रासमध्ये तेवढ्याच शहाणपणाच्या जोरावर होईल असं त्यांना वाटलं असावं. इथे त्यांचं गणित चुकलं. मसुदा हायकोर्टाकडे मतासाठी गेला. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स टर्नर यांनी 1885 मध्ये त्यावर भलंमोठं टिपण लिहिलं. जुने ताम्रपट, दस्त, निवाडे, सगळ्यांचा आधार घेऊन त्यांनी लोगनचा इतिहास उलटवला आणि जन्मी हाच मालक होता असं ठरवलं. हे टिपण या पुस्तकात जवळजवळ पूर्ण दिलं आहे. त्याची विद्वत्ता अस्सल आहे. त्याचा परिणाम मात्र असा झाला की पुढची चर्चा ‘कुळाचं काय’ यावरून ‘नवव्या शतकात काय होतं’ यावर गेली, आणि नवव्या शतकाबद्दल वाद घालायला कुणाचीच घाई नसते.

आणखी एक समिती झाली. शेवटी 1887 मध्ये जो कायदा आला तो फक्त भरपाईचा होता. कुळाला काढायचं असेल तर त्याने लावलेल्या झाडांची, बांधलेल्या बांधांची, केलेल्या सुधारणांची किंमत द्या. काढू नका असं तो म्हणत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि स्वागताध्यक्ष माधवराव होते. 1891 मध्ये ते वारले. त्या अधिवेशनानंतर सात वर्षांनी काँग्रेस पुन्हा मद्रासला आली, 1894 मध्ये, तेव्हा अध्यक्ष होते आल्फ्रेड वेब, डब्लिनचे क्वेकर, आयरिश पक्षाचे खासदार. आयर्लंडच्या कुळांसाठी झगडलेल्या पक्षाचा माणूस मद्रासमध्ये व्यासपीठावर बसला, आणि त्याच इलाख्यातला मलबारचा मसुदा दफ्तरात धूळ खात पडला होता. वेब यांच्या अनुभवाचा आरसा या गोष्टीला कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

आयर्लंडचा धागा इथे पुन्हा एकदा येतो आणि गुंता करून जातो. 1920 च्या एप्रिलमध्ये एरनाडमधल्या मंजेरीला मलबार जिल्हा काँग्रेसची परिषद भरली. जन्मींचा विरोध असताना तिने कुळांच्या बाजूचा ठराव केला. काँग्रेसने कुळांचं नाव घेण्याची मलबारमधली ही पहिली मोठी वेळ. याच परिषदेत राजकीय सुधारणांच्या ठरावावरून वाद झाला आणि अ‍ॅनी बेझंट आपल्या अनुयायांसह बाहेर पडल्या. मद्रासच्या अड्यारला राहणाऱ्या, आईकडून आयरिश असलेल्या याच बाईंनी 1882 मध्ये आयर्लंडच्या दडपशाहीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. त्या कुळांच्या ठरावावरून उठल्या नाहीत, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. पण जन्मी मंडळींना त्यांच्या मागोमाग उठून जायला बरंच सोयीचं झालं.

पुढच्या वर्षी एरनाड पेटलं. नोव्हेंबरात तिरूरहून निघालेल्या आगगाडीच्या बंद मालडब्यात साठाहून अधिक कैदी गुदमरून मेले. लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यावर प्रश्न विचारले गेले. मलबारची जमीन पार्लमेंटपर्यंत पोहोचली ती अशी, मृतांच्या आकड्यावर बसून.

शेवटच्या प्रकरणात 1924 ते 1930 ही मद्रास कायदेमंडळाची वर्षं आहेत. आता निवडून आलेले सदस्य होते. दिवाण बहादूर एम. कृष्णन नायर यांनी कुळांचं विधेयक मांडलं. 1926 मध्ये ते मंजूर झालं आणि गव्हर्नर गोशन यांनी त्याला संमती नाकारली. मग राघवय्या समिती, पुन्हा मसुदा, आणि अखेर 1930 मध्ये कायदा अमलात आला. या चर्चा वाचताना एक गोष्ट सतत खटकते. सभागृहात जन्मींच्या बाजूने बोलणारे आहेत, कारण जमीनदारांना स्वतंत्र मतदारसंघ होते. कुळांच्या बाजूने बोलणारेही आहेत, पण ते बहुतेक काणक्कारन्, म्हणजे मधला थर, वकिलीत आणि नोकरीत पुढे आलेला. तळाचा वेरुंपाट्टक्कारन्, ज्याच्या मुलांनी 1921 मध्ये सुऱ्या उचलल्या, त्याचं नाव घेतलं जातं, पण तो बोलत नाही. कायद्याचा मोठा लाभही मधल्या थरालाच झाला. आयर्लंडमध्येही जमीन आधी मोठ्या कुळांच्या हाती गेली आणि शेतमजूर बाहेरच राहिला. आपल्याकडच्या कूळकायद्याची गोष्टही फार निराळी नाही, हे कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही गावात विचारून पाहावं.

पुस्तक 1930 ला थांबतं. पुढचं थोडक्यात सांगतो. 1939-40 मध्ये मद्रास सरकारच्या आणखी एका समितीत ई. एम. एस. नंबुद्रिपाद होते, स्वतः जन्मी घराण्यातले. त्यांनी बहुमताशी मतभेद नोंदवणारी पत्रिका जोडली. सतरा वर्षांनी ते केरळचे मुख्यमंत्री झाले आणि काही दिवसांतच बेदखली थांबवणारा अध्यादेश निघाला. 1 एप्रिल 1957 हा मुंबई राज्यात कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ मालक ठरल्याचा दिवस, आणि केरळचा अध्यादेशही त्याच महिन्यात निघाला. केरळमध्ये जन्मीपण पुरतं संपायला 1 जानेवारी 1970 उजाडावा लागला.

अनुवादाबद्दल दोन शब्द. ‘आउटरेज’ला मराठी शब्द वापरायचा की नाही यावर आमच्यात पुष्कळ खल झाला. ‘अत्याचार’ म्हटलं की अत्याचार करणारा ठरून जातो, ‘दंगा’ म्हटलं की सगळं क्षुल्लक होतं. शेवटी शब्द तसाच ठेवला. ‘जन्मी’, ‘काणम्’ हेही तसेच ठेवले. एक शब्द मात्र आम्ही निर्धास्तपणे मराठीत आणला, तो म्हणजे ‘कूळ’. मलयाळममध्ये कुळाला ‘कुडियान’ म्हणतात. ‘कुडि’ म्हणजे घर, वस्ती, घरातली माणसं. तमिळमध्येही तोच शब्द, आणि तंजावरच्या शेतात कसणाऱ्याच्या वाट्याला ‘कुडिवारम्’ म्हणतात. आपल्याकडे कूळ म्हणजे घराणं आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. शब्द वेगळे, पण दोन्हीकडे कसणाऱ्याला त्याच्या घरावरूनच ओळखलं गेलं. बेदखलीला मलयाळममध्ये ‘कुडियोऴिक्कल’ म्हणतात, म्हणजे घर रिकामं करणं. वैलोप्पिळ्ळींच्या एका प्रसिद्ध दीर्घकवितेचं नावही तेच आहे.

लोगनपुढे आलेले अर्ज तिसऱ्या भागात आहेत. माझी विनंती अशी की आधी ते वाचावेत आणि टर्नर यांचं टिपण मग. बहुतेक अर्ज अर्ध्या पानाचे आहेत. कुणाचे बाप-आजे तिथे नारळ लावून गेले, कुणाला बारा वर्षं संपायच्या आधीच समन्स आलं, कुणी नजराणा भरूनही मेलचार्त्त दुसऱ्याच्या नावाने निघाला. शेवटी सही नाही, अंगठा आहे.